पुस्तक मिटल्यावर काय आठवतं?

दिवाळी उलटली की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. जून-जुलैत ‘कोणतं पुस्तक घ्यावं’, ‘कोणता क्लास लावावा’ असं विचारणारी मुलं आणि पालक आता लिहितात, ‘वाचलेलं राहत नाही.’ या महिन्यातली बहुतेक पत्रं याच एका दुखण्याची आहेत, म्हणून त्यांतली सहा एकत्र घेतली. पत्रं मोठी होती, ती थोडक्यात दिली आहेत आणि नावं कुणाचीच दिलेली नाहीत. नव्या वाचकांसाठी सांगते, माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत मी 36 वर्षं शिकवलं, 2022 मध्ये निवृत्त झाले आणि आता रोज संध्याकाळी गावच्या अभ्यासिकेत मुलांसोबत बसते.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी शेतकरी आहे, हिंगोली जिल्ह्यातला. मुलगी लातूरला राहून नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करते, हे तिचं दुसरं वर्ष. पहाटे साडेचारला उठते, रात्री अकरापर्यंत वाचते. पुस्तकं रंगीत पेनांनी भरून गेली आहेत. पण सराव परीक्षेत 400 ते 415 च्या पुढे गुण सरकत नाहीत. मेहनतीत ती कमी नाही. आता आणखी किती तास वाढवायचे?

उत्तर : दादा, तास वाढवू नका. उलट दीड तास कमी करा, तो कुठून कमी करायचा ते पुढे सांगते.

तुमचं पत्र आल्यावर मी मुलीला फोन केला आणि शेवटच्या सराव परीक्षेचा पेपर मागितला. तिने फोटो पाठवले. तिला विचारूनच इथे लिहिते आहे. पेपर 180 प्रश्नांचा, 720 गुणांचा. तिने 170 प्रश्न सोडवले, 116 बरोबर आले, 54 चुकले. बरोबर उत्तराला 4 गुण, म्हणजे 464. चुकलेल्या प्रत्येकी एक गुण गेला, म्हणून 410. मग आम्ही दोघी फोनवर बसून त्या 54 प्रश्नांपाशी एकेक करून थांबलो. मी एकच विचारत होते, ‘हा का चुकला?’ सव्वा तास लागला. शेवटी हिशोब असा निघाला : 17 प्रश्नांचा भाग तिने वाचलेलाच नव्हता. 12 घाईत गेले. आणि 25 प्रश्नांचं उत्तर तिने पूर्वी वाचलेलं होतं, खुणाही केल्या होत्या, पण ऐन वेळी आठवलं नाही.

ते 25 मला महत्त्वाचे वाटतात. मी तिला म्हटलं, ‘पुस्तक मिट आणि नेफ्रॉनमध्ये मूत्र कसं तयार होतं ते मला सांग. मी काही जीवशास्त्राची नाही, मला कळेल असं सांग.’ तिने सुरुवात केली, बोमन्स कॅप्सूलपर्यंत आली आणि थांबली. मग म्हणाली, ‘बाई, ते डाव्या पानावर आहे, वरून तिसरा परिच्छेद, मी हिरव्या रंगाने रंगवलाय.’ पान दिसत होतं, रंग दिसत होता, मजकूर मात्र येत नव्हता. आठवडी बाजारात एखादा माणूस समोर आला की चेहरा चांगला ओळखीचा वाटतो, पण नाव जिभेवर येत नाही, तसं झालं. तेच पान पाचव्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला वाटतं, आपल्याला हे येतं. परीक्षेत पान समोर नसतं.

हा माझ्या एकटीचा अंदाज नाही. 2006 मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. सगळ्यांनी एक छोटा उतारा वाचला. काहींना तो पुन्हा वाचायला दिला, काहींना तो मिटून जे आठवेल ते कागदावर लिहायला लावलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के मजकूर आठवला आणि आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. मुलं फसतात ती त्या पाच मिनिटांमुळे. वाचून उठलं की डोकं भरल्यासारखं वाटतं, आणि आठवून लिहायला बसलं की आपण किती कमी जाणतो ते दिसून जीव खट्टू होतो. म्हणून मुलं पहिल्या रस्त्याला लागतात.

तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहिते. चाळीस मिनिटं वाचायचं, मग पुस्तक मिटून उलट्या बाजूने कोऱ्या असलेल्या कागदावर निळ्या पेनने आठवेल ते सगळं लिहायचं. आकृतीसुद्धा. वाक्यं नीट नसली तरी चालतील. मग पुस्तक उघडून जे सुटलं ते लाल पेनने भरायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला अभ्यास त्या लाल भागाचा, आणि तोही न बघता. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालायची. पहिले आठ-दहा दिवस ती रडकुंडीला येईल, कारण कागद लालच लाल दिसेल. तेव्हा तुम्ही तिला फोन करून धीर द्या. ‘किती वाचलंस’ हे विचारू नका. ‘आज पुस्तक मिटून काय लिहिलंस, त्यातलं एक मला सांग’ असं म्हणा. तुम्हाला त्यातलं सगळं कळलं नाही तरी हरकत नाही. वडिलांना समजावून सांगताना तिला स्वतःला कुठे अडतं ते दिसेल.

आता ते घाईतले 12. त्यातल्या पाच प्रश्नांत ‘इनकरेक्ट’ किंवा ‘नॉट’ हा शब्द नजरेतून सुटला होता, चार ठिकाणी दहाच्या घातांकात चूक होती, आणि तीन ठिकाणी उत्तर माहीत असून गोल भलत्याच ओळीत काळा केला होता. हे बाराच्या बारा सुधारले तर प्रत्येकी पाच गुणांचा फरक पडतो, कारण जाणारा एक थांबतो आणि चार मिळतात. 60 गुण. 410 चे 470, नवीन एक धडाही न वाचता. त्यासाठी एक वेगळी वही घालायला सांगितली आहे, चुकांची वही. प्रत्येक पेपरनंतर चुकलेला प्रश्न लिहायचा आणि समोर कारण : माहीत नव्हतं, आठवलं नाही, घाईत गेलं. पेपर देण्याला तीन तास लागतात तर त्याच्याशी बसायलाही तीन तास द्यायचे. बरीच मुलं गुण बघतात, हळहळतात आणि लगेच पुढचा पेपर घेतात.

अंदाजाने गोल भरण्याबद्दल ती फार घाबरलेली आहे, म्हणून तोही हिशोब केला. चार पर्यायांतले दोन नक्की चुकीचे आहेत हे कळलं, तर उरलेल्या दोनांतून निवडताना सरासरीने दीड गुण पदरात पडतो. तिथे गोल भरायचा. काहीच कळत नसेल तर सरासरी जेमतेम पाव गुणाची आहे, त्यासाठी वेळ घालवू नये.

आणि तो दीड तास. साडेअकराला डोळा लागला आणि साडेचारला उठली तर पाच तास झोप होते. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं काम बरंचसं झोपेत होतं. तिला साडेदहाला झोपू द्या आणि साडेपाचला उठू द्या. शिवाय परीक्षा दुपारी दोन ते पाच असते, उन्हाळ्यात, आणि तिची सवय पहाटेच्या अभ्यासाची. जेवणानंतर तिला पेंग येते असं तीच म्हणाली. म्हणून आतापासून आठवड्यातला एक पूर्ण पेपर दुपारी दोनलाच, टेबल-खुर्चीवर बसून, मध्ये न उठता. मेसचं जेवण त्या दिवशी हलकं.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे, शिष्यवृत्तीला बसवलंय. मोठी मुलगी आठवीत, तीही त्याच परीक्षेला आहे. मुलाला लसावि काढता येतो, मसावि काढता येतो, धड्याखालची सगळी गणितं सोडवतो. पण सराव पेपर दिला की तीच गणितं चुकतात. वेळही पुरत नाही. (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, ही चूक तुमच्या मुलाची नाही, शिकवण्याची आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. तेव्हा ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची (2025-26 नंतर ती पुन्हा त्याच वर्गांना आहे). नोकरीच्या सहाव्या वर्षी मी सातवीची 11 मुलं बसवली. एकेक धडा घ्यायचा, त्याच प्रकारची चाळीस गणितं करून घ्यायची, मग पुढचा धडा. वर्गात मुलं झरझर सोडवायची, मला फार अभिमान वाटायचा. परीक्षेनंतर त्यातला सगळ्यात हुशार मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘बाई, गणितं सोपी होती, पण कोणतं कशाचं आहे तेच कळेना.’ त्या रात्री मला झोप आली नाही. लसाविच्या धड्याखाली सगळी गणितं लसाविचीच असतात. तिथे मुलाला विचारच करावा लागत नाही. कोणती रीत वापरायची हे ठरवणं, जे परीक्षेत खरं विचारलेलं असतं, त्याचा सराव मी त्यांना कधी दिलाच नव्हता.

त्यानंतर मी शाळेत गोडेतेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा ठेवला. सगळ्या धड्यांची गणितं चिठ्ठ्यांवर लिहून त्यात टाकली. रोज पाच चिठ्ठ्या काढायच्या आणि आधी सोडवायचंच नाही, फक्त सांगायचं की हे कशाचं गणित आहे आणि कशावरून. ‘दोन घंटा 12 आणि 18 मिनिटांनी वाजतात, आत्ता एकत्र वाजल्या, पुन्हा एकत्र कधी वाजतील?’ इथे मोठी संख्या हवी, दोघींच्या पटीतली, म्हणून लसावि, 36 मिनिटं. ‘36 मीटर आणि 48 मीटर दोऱ्यांचे मोठ्यात मोठे सारखे तुकडे करायचे,’ इथे दोन्हींना भाग जाणारी संख्या, म्हणून मसावि, 12 मीटर. हे ‘कशावरून’ तोंडाने सांगता आलं की आकडेमोड आपोआप होते. तो डबा निवृत्तीपर्यंत माझ्यासोबत शाळा बदलत फिरला.

तुम्ही घरी कोणताही डबा घ्या. बुद्धिमत्ता चाचणीचेही प्रश्न त्यातच टाका, वेगळे ठेवू नका. सुरुवातीला गुण कमी दिसतील, घाबरू नका.

वेळेबद्दल : एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं असतात, म्हणजे एका प्रश्नाला 72 सेकंद. पाचवीच्या मुलाला सेकंद कळत नाहीत. त्याला तीन फेऱ्या शिकवा. पहिल्या फेरीत वाचताक्षणी येणारे सोडवायचे, दुसरीत ज्यांना कच्चं काम लागतं ते, तिसरीत उरलेले. प्रश्न सोडून पुढे जाताना उत्तरपत्रिकेतली ओळही सोडायची, हे मात्र दहा वेळा करून घ्या. आणि मुलीला सांगा, आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. तसं प्रश्नात सांगितलेलं असतं. पहिला बरोबर पर्याय दिसला की मुलं पुढे पळतात, म्हणून प्रश्नाचं शेवटचं वाक्य बोट ठेवून वाचायची सवय तिला लागली पाहिजे.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. रोज चार-पाच तास मोबाईलवर लेक्चर बघतो, म्हणतो हाच अभ्यास. खरं का? (वडील, डोंबिवली)

उत्तर : लेक्चर चांगली असतात, खेड्यातल्या मुलांना तर ती आधारच आहेत. पण शिकवणाऱ्याने फळ्यावर सोडवलेलं गणित बघणं आणि स्वतः सोडवणं यात तेवढंच अंतर आहे जेवढं पोहणाऱ्याकडे काठावरून बघणं आणि विहिरीत उतरणं यात. त्याला सांगा, एक तास बघितलं तर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून एक तास कोऱ्या कागदावर. फळ्यावरचं उदाहरण सुरू झालं की तिथेच थांबवून आधी स्वतः करून बघायचं, मग पुढचं पाहायचं. मोबाईल काढून घेऊ नका, त्यावरून भांडण होईल आणि अभ्यास बाजूला राहील.

प्रश्न : मी 29 वर्षांचा आहे. पुण्यात चार वर्षं अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करतो. दोनदा पूर्व परीक्षा पास झालो, मुख्य परीक्षेत राहिलो. माझ्याकडे एका ओळीच्या नोट्सची सात रजिस्टरं आहेत, सगळी पाठ. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. निवड झालेल्यांच्या नोट्स झेरॉक्स करून आणल्यात, त्या वाचतोय. ही सात रजिस्टरं वाया गेली का? घरी काय सांगू तेही कळत नाही.

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. आधी अभ्यासाचं बोलते, मग घरचं.

रजिस्टरं वाया गेलेली नाहीत, पूर्वला ती लागतीलच. पण नव्या मुख्य परीक्षेत 1750 गुणांचं लेखन आहे, आणि एका ओळीच्या नोट्सनी ते होणार नाही. एक उदाहरण देते, माझ्या जवळचं. तुझ्या रजिस्टरात असेल : ‘रोजगार हमी योजना, वि. स. पागे, महाराष्ट्राचा कायदा 1977.’ पर्यायांच्या परीक्षेला तेवढं पुरत होतं. आता विचारलं की ‘1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या रोजगार धोरणाला कोणती दिशा दिली?’ तर काय लिहिशील? मी तेव्हा आठ वर्षांची होते. आमच्या गावातली बायामाणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, आई त्यात होती. आम्हा मुलांना सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटायचा पौष्टिक खाऊ, मिळायची. बाजारात धान्य अगदीच नव्हतं असं नाही, पण शेतातलं काम गेल्यामुळे हातात पैसा नव्हता, म्हणून घरात धान्य नव्हतं. काम दिलं की मजुरी आली आणि मजुरी आली की भाकरी आली. काम मागणाऱ्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी, हा विचार या अनुभवातून कायद्यापर्यंत गेला, आणि पुढे 2005 मध्ये देशाच्या कायद्यात आला. या साखळीतला प्रत्येक ‘म्हणून’ तुला लिहिता आला पाहिजे. तुझ्या रजिस्टरात टोकं आहेत, मधले ‘म्हणून’ नाहीत. ते दुसऱ्याच्या झेरॉक्समधून मिळत नाहीत. ज्याने त्या नोट्स काढल्या त्याच्या डोक्यात ते काढताना तयार झाले होते.

तेव्हा झेरॉक्स बाजूला ठेव. रोज एक उत्तर, हाताने, काहीही न उघडता. तीन तासांत 250 गुणांचा पेपर असेल तर दहा गुणांना सात मिनिटंच येतात, तेव्हा घड्याळ लावून सात मिनिटं. पहिले दोन आठवडे अर्धं पानही भरणार नाही, चार वर्षं गोल भरलेल्या हाताला लिहायची सवयच राहिलेली नसते. संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला ते वाचून दाखव आणि त्याने फक्त ‘का?’ एवढंच विचारायचं, तीन वेळा. जिथे तू अडलास तिथे त्या रात्री वाचायचं. सातही रजिस्टरं अशीच एकेका ओळीने उघडत जा. एक ओळ, एक उत्तर.

आता घरचं. खुल्या प्रवर्गाला वयोमर्यादा 38 आहे, राखीवांना 43, पण ती मर्यादा आहे, तिथपर्यंत थांबलंच पाहिजे असं नाही. आमच्या अभ्यासिकेत 34-35 वर्षांची मुलं आहेत. ती घरी सणालाही जात नाहीत, कारण ‘यंदा तरी?’ हा प्रश्न त्यांना सोसत नाही. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटतं, रागही येतो, त्यांचा नव्हे, ‘शेवटपर्यंत सोडू नकोस’ एवढंच सांगणाऱ्या आपल्या सगळ्यांचा. या दिवाळीला गेला नसशील तर आता जा. आईवडिलांसमोर बसून एक तारीख ठरव, कागदावर लिही, आणि ती तारीख येईपर्यंत त्यांनी तुला काही विचारायचं नाही असं ठरवून घे. सोबत गट ब आणि गट क च्या परीक्षा दे, सरळसेवेच्या जाहिराती बघ. तुझ्या सात रजिस्टरांचा तिथे थेट उपयोग आहे. नोकरी हातात असताना राज्यसेवा देणारे माझे दोन विद्यार्थी आहेत, त्यांचा अभ्यासाचा वेळ कमी झाला पण पोटातली भीती गेली. तू काय ठरवलंस ते मला जरूर कळव.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता अकरावी सायन्स. एमएचटी-सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, गणिताचा पेपर इंग्रजीत असतो. मला गणित येतं, पण प्रश्न वाचूनच घाबरायला होतं. (विद्यार्थिनी, खेड)

उत्तर : बाळ, शब्द मोजके आहेत. एक वही कर, डावीकडे तुझा शब्द आणि उजवीकडे इंग्रजीतला. निश्चयक म्हणजे डिटरमिनंट, सदिश म्हणजे व्हेक्टर, संभाव्यता म्हणजे प्रॉबेबिलिटी, वर्गसमीकरण म्हणजे क्वाड्रॅटिक इक्वेशन, त्वरण म्हणजे ॲक्सिलरेशन, संवेग म्हणजे मोमेंटम. दहावीपर्यंत तू हे सगळं मराठीत समजून घेतलंस, तो पाया फार मोलाचा आहे, त्याची लाज कधी वाटू देऊ नकोस.

पण खरी अडचण या शब्दांची नसते, छोट्या शब्दांची असते. ‘ॲट लीस्ट वन’ म्हणजे कमीत कमी एक, ‘ॲट मोस्ट टू’ म्हणजे जास्तीत जास्त दोन, ‘नॉट मोअर दॅन’, ‘रिस्पेक्टिव्हली’ म्हणजे अनुक्रमे. हे चुकले की येणारं गणित चुकतं. रोज तीन प्रश्न घे, सोडवू नकोस, फक्त प्रश्न आपल्या मराठीत मोठ्याने सांग. दोन महिन्यांत भीती जाईल. आणखी दोन गोष्टी. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि साधारण पाचवा हिस्सा प्रश्न अकरावीवर असतात. मुलं अकरावी वाऱ्यावर सोडतात. तू आत्ता अकरावीतच आहेस, तुझ्याकडे वेळ आहे.

प्रश्न : मी 71 वर्षांचा. आमच्या लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोती झाली की परवचा म्हणायचो, पाढे, पावकी, निमकी (पावाचे, अर्ध्याचे पाढे), सगळं. नात तिसरीत आहे. सून म्हणते, ही जुनी घोकंपट्टी, तिला समजून शिकू दे. कोण बरोबर? (आजोबा, वाई)

उत्तर : आजोबा, दोघंही. सूनबाईंचं म्हणणं योग्य आहे की सहा सत्ते म्हणजे सहाच्या सात ओळी, हे मुलीला आधी चिंचोक्यांनी मांडून दिसलं पाहिजे. पण समजल्यानंतर ते पक्कं राहायला जे लागतं ते तुमच्या परवच्यात होतं. 1885 मध्ये एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच वेगाने विसरतं आणि अंतराने पुन्हा पुन्हा उजळलं तर टिकतं. तुमच्या घरात रोज दिवे लागले की पुस्तक न उघडता उजळणी होत होती. वर नीटवाल्या मुलीला मी जे सांगितलं, ते तुम्ही सहा-सात वर्षांचे असताना ओसरीवर करत होता.

फक्त एक दोष होता, तो काढून टाका. परवचा क्रमाने म्हटला जातो. तेरा सत्ते विचारलं की मूल मनात तेरा एके तेरापासून सुरू करतं. म्हणून चार दिवस क्रमाने झालं की पाचव्या दिवशी मधूनच विचारा, तेरा सत्ते? मग उलटं विचारा, एक्याण्णव कुठे कुठे येतात? तीही तुम्हाला विचारेल, विचारू द्या. तुम्ही अडलात तर तिला फार आनंद होईल. पाच-सात मिनिटांच्या वर नको, आणि ती कंटाळली तर त्या दिवशी तिथेच थांबा.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तिला पाठ करून द्यायची गरज नाही, पण दिडकी आली तर दीड किलोचा भाव काढताना तिला मजा वाटेल. आणि तुम्हाला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पूर्ण येत असेल तर कृपा करून मला लिहून पाठवा. माझ्या आईला ती यायची, खडी फोडता फोडता म्हणायची. मला सातापर्यंतच आठवते आणि पुढची मी तिच्याकडून उतरवून घेतली नाही.